बिनदारूची बैठक

विहिरीच्या काठावर दिवस उगवायलाच दाजी-मेव्हण्याची जुंपली होती.

"दाजी, मी काय आता खाली उतरायचा न्हाई," रंगनाथनं दोर टाकून दिला.

"का? तुझ्या भनीला पानी नगं का?" गोरक्षनं विचारलं.

"पायजे की. पन मला जीव बी पायजे."

रंगनाथचं खोटं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळातला हिवाळा. जामखेड रस्त्यावरच्या आमच्या गावात विहिरींचे तळ उघडे पडले होते. ढेकूळ फोडलं तर नुसता धुरळा उडायचा. गोरक्ष सुरुंग लावून विहिरी खोल करायचा. खडक ओळखावा तर त्यानंच. पण एक दारू खडकाच्या भोकात आणि दुसरी पोटात, असा त्याचा कारभार. आदल्या दिवशी मेव्हणा तळात पहारी गोळा करत होता, तोवर यानं वात पेटवून दिली. रंगनाथ माकडासारखा दोरावरनं वर आला म्हणून वाचला. पायताण तेवढं खाली राहिलं.

हे गोरक्षच्या बायकोला, राहीबाईला, कळलं. तिनं नवऱ्याला भाकरी वाढली आणि भावाला सोबत घेऊन जेवायला दुसरीकडे तोंड करून बसली. ते गोरक्षला फार लागलं.

दुपारी तो चांदभाईकडे गेला. चांदभाई बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचा. एके काळी गोरक्षच्या मांडीला मांडी लावून प्यायचा, पण वर्ष झालं, थेंबाला शिवला नव्हता. दर आइतवारी तो नगरला जायचा. गावाला वाटायचं, बहिणीकडे जातो.

"तिथं चर्चच्या मागं खोली हाय," चांदभाई हळूच म्हणाला. "आपल्यासारखे बसत्यात, बोलत्यात, चहा पित्यात. माझी तिथंच सुटली."

"बोलून दारू सुटती व्हय? मग माझी बायकू एवढी बोलती, कवाच सुटाया पायजे हुती."

"घरी ती बोलती, तू ऐकतोस. तिथं तू बोलायचं. चल माझ्यासंग."

"नगं. तुझी सुटल्याली समद्यांस्नी ठावं हाय. तुझ्यासंग बघितलं तर गाव वळखंल. मी एकलाच जातो."

राहीबाईला हे कळल्यावर ती म्हणाली, "एकलं सोडलं तर मधीच कुठंतरी शिरशीला. मी येते."

आइतवारी दोघं माळीवाड्याच्या स्टँडवर उतरली. चर्च कुठं, हे विचारायचं सोडून राहीबाईनं पानवाल्याला सरळ विचारलं, "दादा, दारू पिनारी मानसं जमत्यात ती जागा कुठं हाय?"

पानवाला भला माणूस. त्यानं पान लावायचं बाजूला ठेवलं आणि दोघांना बोळातल्या गोणपाटाच्या पडद्यापाशी आणून सोडलं. आतून वास आला आणि गोरक्षच्या तोंडावर चांदणं पडलं.

"हीच असंल. चांदभाई म्हनला ना, आपल्यासारखे बसत्यात."

राहीबाईनं मागून त्याची बंडी धरली. "इथं चहा कुठं दिसतोय?"

शेवटी चर्च सापडलं. मागच्या खोलीत बाकांवर आठ-दहा जण बसलेले. कुणी मास्तर, कुणी हमाल. लष्करातला एक रिटायर सुभेदार चहा वाटत होता. जो तो उठून आपलं नाव सांगायचा आणि म्हणायचा, मी दारुडा. गोरक्षला वाटलं, ही कसली वेड्यांची जत्रा. त्याची पाळी आली.

"मी गोरक्ष. मी काय दारुडा न्हाई. सनासुदीला घेतो."

"आमच्यात रोजच सन असतो," दारातनं राहीबाई म्हणाली.

सगळी खोली हसली. गोरक्षही हसला, आणि हसता हसता बाकावर टेकला. मग त्यानं वातीचं सांगितलं, मेव्हण्याचं सांगितलं. सुभेदारानं त्याच्या हातात कप दिला तर हात थरथरून निम्मा चहा धोतरावर.

"माझाही सांडायचा," सुभेदार म्हणाला. "पुढच्या वेळी अर्धाच भरतो. आजच्यापुरती घेऊ नकोस. उद्याचं उद्या बघू."

सोपं नव्हतंच ते. शिमग्याला पाय घसरला. पुढच्या आइतवारी गोरक्ष खाली मान घालून दारात उभा राहिला. सुभेदार म्हणाला, "आलास ना? बस." एवढंच. त्या दिवसापासून त्याचा हात स्थिर होत गेला. उन्हाळ्यात रंगनाथ आपल्या पायानं परत विहिरीत उतरला, पण दाजीचं तोंड हुंगून मगच.

एस.टी. कधी यायची, कधी नाही. म्हणून चांदभाईनं आणि गोरक्षनं गावातच बसायचं ठरवलं, चांदभाईच्या छपरात, उजळ माथ्यानं. पहिल्यांदा दोघंच एकमेकांकडे बघत बसले. मग दुष्काळी कामावर खडी फोडणारा कानिफनाथ आला, त्याच्यामागं आणखी दोघं. बायका सोडायला म्हणून यायच्या, त्या पलीकडे लिंबाखाली आपली वेगळी बैठक धरून बसल्या. हसणं तिकडूनच जास्त यायचं. पुरुषांना चैन पडेना.

एका संध्याकाळी घरी जाताना गोरक्षनं विचारलंच, "तुमच्यात काय बोलनं चालतं गं?"

"तुमच्यावानीच. आपलं खोटं कबूल करून टाकायचं."

"तू काय खोटं केलंस?"

"लोकं इचारायची, गोरक्ष कुठं हाय? मी म्हनायचे, ताप आलाय, निजल्यात. तेच आज सांगितलं."

"मग?"

"कानिफनाथाची रंगुबाई म्हनली, अगं बाई, त्या तापाचा वास वेशीपत्तूर यायचा."

गोरक्षला हसू आवरेना. पोट धरून तो वाटेतच खाली बसला. राहीबाईनं त्याला दंडाला धरून उठवलं, तर समोरनं पाण्याची घागर घेऊन शेजारची साळूबाई येत होती. तिनं पदर नाकाला लावला.

"परत घेतली व्हय गं यानं?"

"न्हाई वो," राहीबाई म्हणाली. "आज नुसतंच हसत्यात."