चिकटपट्टीखालचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कागदाचा, घड्यांचा आणि स्वभावाने जरा चिडका. छापखान्यातून निघालो तेव्हा काय रुबाब होता माझा! काकूंनी मला हौसेने विकत घेतलं. सहलीला निघण्याआधी त्या शिवणाचा दोरा माझ्या रस्त्यांवरून वळणावळणाने ठेवायच्या आणि तो पट्टीवर मोजून अंतर काढायच्या. "नकाशा असावा तर असा," म्हणायच्या. पुढे घरात रस्ता दाखवणारे फोन आले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

तिथेच एकदा कुणीतरी सामान ओढून काढताना मी घडीवर फाटलो. काकांनी मला चिकटवलं, पण घाईघाईत. एक कड दुसरीवर चढली आणि किनाऱ्याचा बोटभर रस्ता खाली दडपला गेला.

यंदा काकूंनी मला पुन्हा टेबलावर पसरलं. समुद्राकाठाने जायचं, वाटेत दोन वाइनरी बघायच्या. दुसरी वाइनरी खाडीपलीकडे होती आणि खाडीतला रस्ता भरतीत बुडायचा.

"अगं, फोनवर बघ की," काका म्हणाले.

"फोन मेला हमरस्त्याने नेतो. मला समुद्र बघायचाय."

त्यांनी दोरा लावला, मोजला. तो कमी भरतोय हे मला कळत होतं. माझा जीव टांगणीला लागला, पण मी ओरडणार कसा?

"भरतीच्या आत आरामात पोचतो," काकू खुशीत म्हणाल्या.

पहिल्या वाइनरीत काकांनी चव घेता घेता बरीच घेतली. गाडी चालवायची म्हणून काकूंनी थेंबही घेतला नाही. मग वळणांमागून वळणं आली, खाडी काही येईना. आली तेव्हा रस्त्यावर पाणी चढत होतं. पलीकडे वाइनरीचं लाल छप्पर दिसत होतं.

"घाल गाडी! घोट्याएवढं तर आहे."

"मुळीच नाही."

"भित्री कुठली! थांब, मी चालून दाखवतो."

आणि काका खरंच उतरले! बघता बघता पाणी गुडघ्याला लागलं. एक लाट आली आणि ते हेलपाटले.

"अहो, मागे फिरा! तुम्हाला माझी शपथ!" काकूंचा आवाज चिरकला.

काका परतले ते चिंब भिजून. काकूंनी आधी त्यांचा हात घट्ट धरला. जरा वेळाने त्यांनी मला उलगडलं आणि नखाने चिकटपट्टी सोलली. खाली तो रस्ता होता.

"हे तुम्ही चिकटवलंत?"

काका सोललेली पट्टी उगाच उलटसुलट करून बघू लागले.

मित्रांनो, जुन्या वस्तू फाटतात, मोडतात. खुशाल दुरुस्त करा, पण घाई करू नका, कडा नीट जुळवा. आम्हाला हात नसतात हो. आपलं माणूस पाण्यात शिरत असलं तरी आम्ही नुसतं बघत राहतो.