शुक्रवारी बंद असलेलं यान

"मॅडम, आपल्या यानाला शुक्रवारची सुट्टी असते का?"

हा प्रश्न विचारायची पैज मागच्या बाकावर लागली आणि चिठ्ठी निघाली नेमकी अफीफाची. म्हणजे जिने नववीच्या अख्ख्या वर्षात 'हजर' सोडून वर्गात शब्द काढला नव्हता, तिची! अंजूरहून येणाऱ्या मेघालीने तिला ढोसून उभं केलं. "इचार ना गो, मी हाय ना मागं." अफीफाचे नुसते ओठ हलले. मॅडम तीनदा "काय?" म्हणाल्या. शेवटी शेजारच्या बाकावरच्या भाविकनेच तिचा प्रश्न ओरडून सांगितला आणि वर्ग हसून लोटपोट झाला. भिवंडीत शुक्रवारी कापड विणणारे लूम बंद असतात हे ठीक, पण अंतराळयान?

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "सरावाचं यान वेगळं मिळतं," त्या म्हणाल्या. "त्याचं वेळापत्रक तूच लाव. तिथे कॅप्टनही तूच."

एका गोदामवाल्यांनी शाळेला आभासी दुनियेचे चार चष्मे दिले होते. ते डोळ्यांवर चढवले की संगणकाच्या कोंदट खोलीचं यान व्हायचं आणि खिडकीबाहेर ग्रह फिरायचे. यानाचं नाव भिवंडी-१. ठाण्याच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी त्याच्यावर चौघे होते. मदीहा कॅप्टन, भाविक दिशा बघायचा, मेघाली संदेश पाठवायची आणि अफीफा इंजिनावर. इंजिनापाशी बोलावं लागत नाही, म्हणून तिने ते मागून घेतलं होतं.

तसं तर तिला शाळाच नको होती. दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून, घरी बसून द्यायची, हा तिचा बेत. मग उभं राहायला नको, मोठ्याने वाचायला नको, कुणाचं हसणं नको. आठवडाभर रडून तिने अम्मीला पटवलंही होतं. अब्बांनी, म्हणजे सत्तारभाईंनी, फॉर्म आणून कपाटात ठेवला होता. "नववीचा निकाल लागू दे, मग सही करतो," एवढंच ते म्हणाले होते.

वर्गातल्या त्या प्रश्नाच्या दिवसापासून मधल्या सुट्टीत अफीफा डबा तसाच टाकून चष्मा चढवू लागली. सरावाच्या यानात तिने तीन सोबती तयार केले आणि त्यांना नावं दिली मदीहा, मेघाली, भाविक. त्यांची वाक्यंही तिनेच लिहिली. तिथली मदीहा म्हणायची, "कॅप्टन अफीफा, तुझ्याशिवाय मला काही सुचत नाही." तिथला भाविक दर पाच मिनिटांनी विचारायचा, "कॅप्टन, चहा आणू?"

आणि तिथे अफीफा बोलायची. बोलायची कसली, गर्जायची! यानाच्या इंजिनाचा आवाज थेट निजामपुऱ्यातल्या अब्बांच्या कारखान्यासारखा होता. बारा लूम चालू असताना अब्बांना जेवायला बोलवायचं तर पोटातून ओरडावं लागतं. तिथे तिला कधीच लाज वाटली नव्हती, कारण तिथे सगळेच ओरडतात. यानातही इंजिन सुरू झालं की तिचा तोच आवाज निघायचा. त्याच आवाजात तिने हुकूम नोंदवून ठेवले आणि इंजिनाला कुलूप घातलं, फक्त कॅप्टनच्या आवाजाने उघडणारं. शुक्रवारची सुट्टी तर पहिल्याच दिवशी लावून झाली होती.

एक घोटाळा मात्र झाला. आपलं यान जपून ठेवताना तिने त्यालाही भिवंडी-१ हेच नाव दिलं. 'जुनं पुसून नवं ठेवू का?' असं पडद्यावर आलं, तेव्हा सुट्टी संपल्याची घंटा झाली होती. अफीफाबाईंनी न वाचताच 'हो' दाबलं.

पालकांना यान दाखवायचा दिवस ठरला तो शुक्रवारचा. लूमवाल्यांना सुट्टी, म्हणून सकाळी दहाला खोली खच्चून भरली. सत्तारभाई आणि अफीफाची अम्मी रुकय्या पहिल्याच रांगेत. चौघांनी चष्मे चढवले, भिंतीवर मोठं चित्र उमटलं आणि अफीफाने आपलं सरावाचं यान ओळखलं.

यानात मिट्ट अंधार, इंजिन गार. दारावर पाटी: 'आज शुक्रवार, यान बंद.' आणि समोर भाविकचाच चेहरा घेऊन कुणीतरी विचारत होतं, "कॅप्टन अफीफा, चहा आणू?"

लोक खो खो हसले. मग भिंतीवरची मदीहा लाडात म्हणाली, "कॅप्टन अफीफा, तुझ्याशिवाय मला काही सुचत नाही." खऱ्या मदीहाने चष्मा काढला. तिचा चेहरा लाल झाला होता. अफीफाच्या मनात एकच आलं, आज घरी गेले की अब्बांची सही घ्यायची आणि या शाळेचं तोंडही बघायचं नाही.

मॅडमनी भिंतीवर इंजिनाचं कुलूप पाहिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "इंजिन तुझ्याच आवाजाने सुरू होईल, अफीफा."

तिने तोंड उघडलं. "इंजिन..." हे तिचं तिलाही ऐकू आलं नाही. यान ढिम्म. खोलीत अशी शांतता की पंख्याची करकर ऐकू यावी. अशा शांततेत ओरडायचं कसं?

तेवढ्यात मागून आवाज आला. खटक-खटक, खटक-खटक. मेघाली बाकावर दोन्ही मुठी आपटत होती. अफीफाबरोबर ती एकदा कारखान्यात गेली होती आणि तिथला तिचा आवाज ऐकून चाट पडली होती. "बघता काय नुसते?" ती भाविकवर खेकसली. "लूम चालवा! आवाज असला की ही बोलतं!"

भाविकने डबा उचलून खुर्चीवर बडवायला सुरुवात केली. मदीहा क्षणभर तशीच उभी राहिली, मग तिनेही टाच आपटायला घेतली, खटक-खटक. पहिल्या रांगेत सत्तारभाईंना राहवेना. तीस वर्षं लूम ऐकलेला माणूस! त्यांनी टाळ्यांनी असा बरोबर ठेका धरला की रांगेतले सगळे लूमवाले त्यांना सामील झाले. रुकय्याने बांगड्या सावरल्या आणि तीही सुरू झाली. सुट्टीच्या दिवशी शाळेत कारखाना चालू झाला!

आणि त्या गदारोळात अफीफाच्या पोटातून तो आवाज निघाला.

"सुट्टी रद्द! सगळ्यांनी ड्युटीवर या! इंजिन चालू!"

यान धडधडलं, दिवे लागले, खिडकीत ग्रह सरकू लागले. हळूहळू लोकांनी हात थांबवले. अफीफा मात्र थांबली नाही. "मेघाली, संदेश पाठव! भाविक, डावीकडे घे! मदीहा..." इथे ती अडखळली. "मदीहा, कॅप्टन तू आहेस. पुढे ये."

यान उतरल्यावर अफीफा मदीहाला कोपऱ्यात घेऊन गेली. "सॉरी. त्या यानात मी तुला फक्त माझं कौतुक करायला ठेवलं होतं."

"दिसलं ते सगळ्यांना," मदीहा म्हणाली. मग तिला हसू फुटलं. "आणि चहा भाविकच्या हातचा? वेडी आहेस का? पिऊन बघ एकदा!"

"ए, मी इथेच आहे," भाविक म्हणाला.

अफीफाला तिघांनाही खूप काही सांगायचं होतं. इतकी वाक्यं लिहून ठेवली होती तिने यानासाठी, त्यातलं एकही इथे बसेना. "मेघाली," ती एवढंच म्हणाली, "तुझे हात बघू." मुठी लाल झाल्या होत्या. अफीफाने त्या आपल्या हातांत धरल्या आणि बराच वेळ सोडल्या नाहीत.

"पुरे गो," मेघाली लाजली. "मला काय लागलं न्हाय."

घरी आल्यावर अब्बा नमाजला निघायच्या घाईत टोपी शोधत होते आणि अम्मी भात टाकत होती. अफीफा दोघांच्या मधोमध उभी राहिली आणि एवढ्या मोठ्याने बोलली की शेजारच्या मावशींनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

"अब्बा, अम्मी, ऐका! मी सतरा नंबरचा फॉर्म भरणार नाही. दहावी मी शाळेतच करणार, वर्गात बसून, मेघाली, मदीहा, भाविक, सगळ्यांबरोबर!"