बडीशेपेच्या वासाचा मासा

मित्रांनो, तुम्ही मला हातात घेतलंत तर आधी जरा दचकाल. मी लिबलिबीत आहे, पण माशासारखा गार नाही. डोळे आहेत, पण ते रंगवलेले. मी मऊ प्लास्टिकचा एक मासा आहे, आता बराच जुना झालेला. खरे मासे फसावेत म्हणून गळाला लावायचा खोटा मासा. माझी पाठ शेवाळी आहे, पोट मोतिया आहे आणि शेपटीच्या जागी काही नाही. ती शेपटी कशी गेली आणि तिच्यापायी एका घराची एक दुपार कशी गेली, ते सांगतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे कढत, पातळ प्लास्टिक साच्यात ओतायचे. ओतण्याआधी त्यात थोडी चकाकी, थोडं मीठ आणि बडीशेपेच्या वासाचं तेल मिसळायचे. माणसाच्या हाताचा वास माशांना आवडत नाही म्हणे, बडीशेपेखाली तो झाकला जातो. माझं सगळं कसब शेपटीत होतं. चपटी, पातळ, वल्ह्याच्या पात्यासारखी शेपटी. पाण्यातून हळूहळू ओढलं की ती फडफडायची आणि तिच्यामागोमाग सगळं अंग डुलायचं.

आम्हा भावंडांना ज्याच्यासाठी बनवलं, तो मासा आमच्या पाकिटावर छापलेला होता. त्याचं नाव लार्जमाउथ बास. तो गोड्या पाण्यात राहतो, तळ्यातल्या पाणवेलींत दबा धरून बसतो. तोंड इतकं मोठं की जबडा डोळ्याच्याही मागे जातो. भक्ष्य जवळून गेलं की तो ते तोंड उघडतो आणि पाण्यासकट सगळं आत ओढून घेतो. त्याच्या तोंडात धारदार दात नसतात. म्हणून तर आम्हाला इतकं मऊ ठेवलेलं. एकेका बासच्या तोंडून आम्ही पुन्हा पुन्हा धडधाकट बाहेर येऊ, असा सगळा हिशेब होता.

पण वस्तूला कुठे जायचं ते विचारत नाहीत. आमचं पाकीट एका कंटेनरमधून शारजाला आलं आणि तिथल्या रोल्ला भागातल्या एका दुकानात खिळ्याला लटकलं. त्या देशात तळी नव्हती आणि बासही नव्हता. दुकानाच्या अहमदभाईंना ते ठाऊक होतं. कुणी चित्रावर बोट ठेवून विचारलं की ते हसून म्हणायचे, "हमूर पॅकेट नहीं पढ़ता, साब." हमूर म्हणजे तिथल्या खाडीतला, खडकांत राहणारा मोठा मासा. तरी पुष्कळ दिवस आम्हाला कुणी घेतलं नाही. उन्हाने पाकिटाचा रंग उडाला.

मग निनाद आला. तो पुण्याचा, एसीच्या कंपनीत इंजिनिअर. रोल्लामध्येच तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता. घरात सुचित्रा, त्याची बायको, आणि ईशानी, त्यांची मुलगी. ईशानी तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. निनादला ऑफिसातल्या राहुलने मासेमारीची गोडी लावली होती. शुक्रवारची सुट्टी आली की दोघं पहाटे अल खानच्या बांधावर, समुद्रात टाकलेल्या दगडांवर जाऊन उभे राहायचे.

पाकीट पाहून राहुल म्हणाला, "बॅस म्हणतात त्याला, बास नाही. आणि तो इथे मिळत पण नाही, हबीबी." निनादने ऐकलं नाही. तो बासच म्हणत राहिला. संध्याकाळी ईशानीला मांडीवर घेऊन तो पाकिटावरचं चित्र दाखवायचा. हा कोण, असं विचारायचा. ती म्हणायची, "बास." मग तो तिला वर उडवायचा.

सुचित्राला आम्ही आवडत नव्हतो. मी तिला दोष देत नाही. ती परक्या गावात, दिवसभर एका लहान मुलीबरोबर एकटी असायची. आई नाही, सासू नाही, विचारायला शेजारीण नाही. म्हणून ती डोळ्यांत तेल घालून असायची. कात्री, औषधाच्या गोळ्या, सुया सगळं वरच्या फळीवर. टेबलाच्या कोपऱ्यांना तिने फोम चिकटवला होता. राहुल जेवायला आला की चिडवायचा, "वहिनी, आता पोरीलाच फोममध्ये गुंडाळा." ती शांतपणे म्हणायची, "एवढा मोठा मिळाला तर गुंडाळीन."

आमच्यासाठी तिचा नियम ठरलेला होता. गळ दाराबाहेरच काढायचा, आम्हाला धुऊन लगेच फ्रिजवर ठेवायचं. निनाद तो नियम पाळायचा. निदान बहुतेक वेळा.

याच दिवसांत तीही ईशानीला एक शब्द शिकवत होती. पोरगी पोट भरलं की ताट उलटं करायची. सुचित्राने तिला सवय लावली की ताट ढकलायचं नाही, पोट भरलं की "बास" म्हणायचं. एकाच घरात, एकाच मुलीला, आई आणि बाबा एकच शब्द दोन अर्थांनी शिकवत होते. दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं, पण मला कोण विचारतो.

माझे कामाचे दिवस चांगले गेले. निनादने मला शिशाची गोळी असलेल्या गळावर ओवलं आणि खाऱ्या पाण्यात फेकलं. मीठ माझ्या अंगात मुळापासूनच होतं, त्यामुळे परकं वाटलं नाही. तो घाई न करता रीळ फिरवायचा, मी तळालगत डुलत यायचो. एका शुक्रवारी खरोखरच हमूरने मला तोंडात घेतलं. त्या दुपारी घरात हमूरचं तिखलं झालं, फोटो काढले गेले आणि पुण्याच्या फोनवर माझंही नाव निघालं. माझी भावंडं मात्र एकेक करून संपली. कुणी दगडांत अडकलं, कुणाला लांब दातांच्या माशाने अर्ध्यात तोडलं. पाकिटातला मी एकटा उरलो.

ज्या शुक्रवारी माझी शेपटी गेली, त्या दिवशी हवा कोंदट होती. राहुल मघापासून यल्ला यल्ला, चला चला, करत होता. शेवटच्या फेकीत मी दगडांजवळून येत असताना मागून काहीतरी आलं. धक्का नाही, हिसका नाही. एक करकर आणि मग मागे हलकं हलकं वाटलं. तो फुगणारा मासा होता. कोकणात त्याला केंड म्हणतात. त्याचे दात चोचीसारखे असतात. निनादला काही कळलं नाही. त्याने गळ काढला, मला न बघताच डब्यात टाकलं आणि गाडीत बसला.

घरी आल्यावर त्याने मला नळाखाली धरलं, ओट्यावरच्या ताटलीत ठेवलं आणि आंघोळीला गेला. फ्रिज दोन पावलांवर होता.

ईशानी स्टुलावर चढली. त्या घरात जेवणानंतर तिला चिमूटभर बडीशेप मिळायची आणि माझ्या अंगाला तोच वास होता. ती मला घेऊन टेबलाखाली बसली. तिने मला चाटलं, मग चावलं. मी मऊ आहे, मला काही झालं नाही.

सुचित्रा कपडे वाळत घालून आत आली. तिला दिसलं ते असं: मुलगी टेबलाखाली, हनुवटी ओली, तोंड हलतंय, आणि हातात शेपूट नसलेला मासा.

तिने आधी तोंडात बोट घालून पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग टेबलाखाली, गालिच्याखाली, ईशानीच्या फ्रॉकच्या घड्यांत पाहिलं. शेपूट नव्हतं. मग तिने मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आवाज होईल तितका साधा ठेवून विचारलं, "ईशू, तू हे खाल्लंस?"

ईशानीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बास."

सुचित्राच्या कानात तो शब्द पोट भरल्याचा होता. तिनेच शिकवलेला. ती ओरडली नाही. बाथरूमचं दार वाजवून तिने निनादला एवढंच सांगितलं, "तिने शेपूट गिळलंय. बास म्हणाली." आणि त्याला दुसरा प्रश्न विचारला, "गळ काढला होतास ना?"

"काढला होता," निनाद म्हणाला. मग ओल्या अंगाने शर्ट चढवताना म्हणाला, "काढतोच मी नेहमी." या दोन वाक्यांत फरक आहे, मित्रांनो. तो तिला ऐकू आला.

इमारतीच्या खालच्या मजल्यावर डॉक्टर अजरा यांचं क्लिनिक होतं. त्या हैदराबादच्या, वयस्कर. शुक्रवार असूनही निरोप मिळताच आल्या. सुचित्राने मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर नेलं होतं. डॉक्टरांनी ईशानीची छाती तपासली, एक्स-रे काढला. गळ कुठेही नव्हता. सुचित्राने श्वास सोडला, पण अर्धाच. कारण डॉक्टर पुढे म्हणाल्या की मऊ प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. ते श्वासनळीत गेलं असेल तर थांबून चालणार नाही. मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं लागेल, भूल देऊन दुर्बिणीने पाहावं लागेल.

"इतनी छोटी को भूल?" सुचित्राने घाबरून मराठी शब्दच वापरला. डॉक्टरांना तो कळला. त्यांनी फोन जवळ ओढला, पण उचलला नाही. त्या ईशानीकडे वळल्या, मला पिशवीतून काढलं आणि विचारलं, "ये क्या है, बेटा?"

"बास," ईशानी म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं, पोरगी प्रश्नांना कंटाळली आणि बस म्हणतेय. सुचित्राचे डोळे भरून आले. ती म्हणाली, बघा, परत तेच सांगतेय. पण निनाद एकदम उठला. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. त्याने ईशानीला उचलून त्यातल्या केशरी माशासमोर धरलं.

"हा कोण?"

"बास," ती म्हणाली, आणि वर उडवायची वाट पाहू लागली.

निनादने तिला उडवलं नाही. तो सुचित्राला म्हणाला, "सुची, ती पोट भरल्याचं सांगत नाहीये. माशाचं नाव सांगतेय. मी शिकवलं."

सुचित्रा म्हणाली, "मग शेपूट कुठेय?"

प्रश्न बरोबर होता. शब्दाचा अर्थ बदलला, तरी शेपूट परत आलं नव्हतं. मला उत्तर माहीत होतं. तोंडही होतं, पण ते साच्यातून आलेलं. मी टेबलावर पडून राहिलो.

तेव्हा सुचित्राने मला उचललं. त्या दिवसाआधी तिने मला कधी बोटं लावली नव्हती. खिडकीपाशी नेऊन तिने मला असं निरखलं, जसं ती रोज मुलीच्या अंगावरचं पुरळ निरखायची. माझ्या पाठीवर ईशानीच्या दातांचे ठसे होते. वरच्या दोन दातांत फट, खालचा एक दात किंचित आत. हा चावा सुचित्राच्या दंडावर, खांद्यावर कितीतरी वेळा उमटला होता. डोळे मिटूनही तिने तो ओळखला असता. मग तिने शेपटीची कड पाहिली. तिथे ठसे नव्हते, ताणलेलं, फाटलेलं काही नव्हतं. वरून एक अर्धचंद्र आणि खालून एक. कात्रीने कापावं तशी कड.

"हे तिचे दात नाहीत," ती म्हणाली. "ती चावते तेव्हा आधी चेपतं. हे चेपलेलंच नाही."

निनादने राहुलला फोन लावला. राहुल झोपेतून उठून म्हणाला, "अरे, ते फुगे लागले होते आज. माझ्या पण शेपट्या नेल्या त्यांनी. का रे?" निनादने तेच डॉक्टरांना हिंदीत सांगितलं.

डॉक्टरांनी कड पाहिली, ठसे पाहिले, ईशानीचं तोंड उघडून दात पाहिले. फोन मागे सरकवला. श्वास मोकळा होता, छातीत आवाज नव्हता. त्या म्हणाल्या, भूल नको, आज रात्री मुलगी इथे माझ्या नजरेखाली राहू दे. थोडाही खोकला आला, तर तेव्हा बघू. सुचित्रा खुर्ची ओढून खाटेजवळ बसली. खोकला आला नाही. पुढचे काही दिवस तिने लंगोटही तपासले. त्यातही काही निघालं नाही.

एवढ्यावर दुसरं कुणी निश्चिंत झालं असतं. सुचित्रा नाही झाली. पुढच्या शुक्रवारी ती ईशानीला कडेवर घेऊन पहिल्यांदाच अल खानच्या बांधावर आली. मला तिने पर्समध्ये आणलं होतं. राहुलला तिने सांगितलं की तिला तो फुगा बघायचाय. राहुलने या वेळी चिडवलं नाही. बराच वेळ लागला, पण एक केंड आला, दगडावर फुगून बसला आणि चोच वाजवू लागला. राहुलने तो हातमोज्यात धरला. सुचित्राने वाकून माझी कापलेली कड त्या चोचीसमोर धरली. वरचा अर्धचंद्र, खालचा अर्धचंद्र. नीट बसले.

"सोडा त्याला," ती म्हणाली. मग दगडावर बसली आणि ईशानीला कडेवरून खाली उतरवलं. हात मात्र धरलेलाच होता.

मित्रांनो, आता मला कुणी गळाला लावत नाही. शेपटीवाचून मी पोहू शकत नाही. निनादने आमच्यासाठी कुलपाचा डबा आणला आणि तो कपाटावर ठेवला. वर उकाडा असतो. नव्या प्लास्टिकच्या माशांबरोबर ठेवल्याने आमचे रंग एकमेकांना लागलेत. बडीशेपेचा वास मात्र अजून आहे. त्याचीच मला भीती वाटते, कारण लहान मुलांना वासावरून खाऊ आणि खोटा मासा यांतला फरक कळत नाही.

म्हणून माझं एवढं ऐका. आमच्यासारख्या वस्तू वापरून झाल्या की आधी त्यांच्याकडे नीट पाहा, मग जागेवर ठेवा, आणि त्यानंतरच आंघोळीला जा. घरात कुणी फार काळजी करत असेल तर त्याला हसू नका. त्या दिवशी एका मुलीला भूल द्यायची की नाही, हे तिच्या आईने माझ्या पाठीवरच्या ठशांवरून ओळखलं. ते ठसे अजून आहेत. प्लास्टिकवर उमटलेलं लवकर जात नाही.

ईशानी आता शाळेत जाते. परवा खुर्ची ठेवून कपाटापर्यंत पोचली, डबा हलवून पाहिला. आतल्या खोलीतून सुचित्रा हातातलं काम तसंच टाकून आली. कुलूप होतं. तरी तिने ते एकदा ओढून पाहिलं.