दौलत्याचा डावा हात

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो, आणि दौलत्या पेंढाऱ्याचा मला भयंकर हेवा वाटतो. आपली कहाणी सांगणाऱ्याने आधी जन्मस्थळ सांगावे, थोरांचे स्मरण करावे, अशी पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. पण पोटातली मळमळ आधी बाहेर पडली, की पुढचे शांतपणे सांगता येते.

माझा जन्म सोलापुरात, एका गिरणीत झाला. एकाच ताग्यातली आम्ही तीन भावंडे. थोरला एका वकिलांचे धोतर झाला आणि रोज कोर्टात जाऊ लागला. मधला कुणाच्या तरी लग्नात उपरणे म्हणून मिरवला. मला मात्र नवी पेठेतल्या दुकानातून मल्लप्पाने उचलले. सात रस्त्याच्या पलीकडे माळावर या मल्लप्पाचा सिनेमाचा तंबू होता. शिंप्याने सहा पट्ट्या जोडून मला शिवले. एक शिवण नेमकी मधोमध आली, त्यामुळे पुढे जो कोणी नायक माझ्यावर येऊन उभा राही, त्याच्या नाकावरून शिवण जाई. नायकांनी कधी तक्रार केली नाही.

त्या काळी सिनेमा मुका होता. मजकुराची अक्षरे माझ्यावर उमटत आणि यज्ञेश्वर मास्तर हातात छडी घेऊन ती मोठ्याने वाचून दाखवीत. सकाळी ते शाळेत लहानांना वाचायला शिकवीत, संध्याकाळी तंबूत मोठ्यांना वाचून दाखवीत. खेळाआधी माझ्यावर पाणी मारीत, कारण ओल्या कापडावर चित्र उजळ दिसते. सर्दी झाली का, असे मात्र मला कोणी विचारले नाही.

अनेक वर्षे मी इमानाने काम केले. माझ्यावर देव प्रकट झाले, समुद्र उसळले, गावेच्या गावे जळाली. पण मी अंगाला डाग लावून घेतला नाही. लोक देवाला हात जोडत. त्यातला थोडा नमस्कार आपल्यालाही पोहोचत असेल, अशी मी समजूत करून घेत असे.

मग सन अठ्ठावीसमध्ये दौलत्या आला. शंभर वर्षांपूर्वीच्या पेंढाऱ्यांच्या टोळीचा हा चित्रपट. त्यात दौलत्या नावाचा म्होरक्या गावे लुटतो आणि शेवटी फितुरीने मारला जातो. एवढेच. पण गर्दी अशी लोटली, की मल्लप्पाने नवीनच युक्ती काढली. पुरुष पुढे आणि बायका माझ्या मागे! ओल्या कापडातून चित्र पलीकडे दिसतेच. बायकांच्या बाजूला पुरुषांना सक्त मनाई होती.

आता दोन्हीकडून तोंडे माझ्याकडे वळली, म्हणजे कौतुकही दुप्पट होणार, असे मला वाटले. कौतुक दुप्पट झाले, मित्रांनो, पण दौलत्याचे. आणि शिव्याही त्यालाच! मला शिवीसुद्धा मिळाली नाही.

भांडण पेटले ते एका जेवणावरून. दौलत्या एका गरीब म्हातारीच्या झोपडीत शिरतो. ती त्याला भाकरी आणि ठेचा वाढते. तो जेवतो आणि तिचे घर न लुटता निघून जातो. होटगीचे हिंदुराव पैलवान हा खेळ पाहायला अकरा वेळा गाडीने आले होते. या प्रसंगाला ते दर वेळी उभे राहून ओरडत, "राजा मानूस! खाल्ल्या भाकरीला जागला की!"

त्याच क्षणी मागच्या बाजूने गुरम्मा ओरडत असे, "डाव्या हातानं जेवतोय की गं मेला! म्हातारीच्या अन्नाचा केवढा अपमान!"

गुरम्मा म्हणजे मागावर लुगडी विणणारी, साऱ्या पेठेला धाक असलेली बाई. तिचे म्हणणे असे, की सगळी टोळीच डावखुरी हाय, आयांनी वळण लावलं न्हाई म्हणून पोरं दरोड्याला लागली. पुढची बाजू म्हणे दौलत्या साधू, मागची बाजू म्हणे राक्षस. मास्तरांची पत्नी मालती मागे बसत असे. त्यामुळे मास्तरांच्या घरीही हाच खेळ दुसऱ्यांदा होई.

"अगं, उजव्या हाताने जेवतो तो. मी दोन हातांवरून पाहतो!"

"अहो, मीही डोळे उघडे ठेवूनच बसते."

शेवटी गुरम्माने मल्लप्पाला बजावले, "शनिवारपर्यंत त्याचं ते जेवण काढून टाक. न्हाईतर एक बाई यायची न्हाई." हिंदुरावांना हे कळताच ते म्हणाले, "जेवन कापलं तर आमी तंबूचे खांब उपटू."

मल्लप्पा डोके धरून बसला. मीही बसलो असतो, पण मी टांगलेला होतो. माझ्या काळजीचे कारण असे, की कोपऱ्यात एका लांब पेटीत मुंबईहून आलेला पडदा पडून होता. जाड, पांढरा रंग दिलेला, बिनशिवणीचा. त्यातून पलीकडे काही दिसत नसे, म्हणून तो पेटीत होता आणि म्हणून मी वर होतो. बायका उठून गेल्या, की माझी गरज संपली. माझे नशीब त्या दरोडेखोराच्या एका घासावर येऊन ठेपले होते. हेवा करायचा, आणि वर त्याच्याच खुशालीची प्रार्थना करायची! असा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

"मास्तर, तुमी शिकलेली माणसं. बायकांना समजावा की काय तर," मल्लप्पा म्हणाला.

शनिवारी जेवण सुरू झाले. दौलत्याने भाकरीचा तुकडा मोडला. मास्तरांनी छडी रोखून त्याचा उजवा हात नीट पाहून ठेवला आणि मनाई मोडून तरातरा मागे गेले. "बघा, हा उजवा..." एवढे बोलून ते थांबले. दौलत्या डाव्या हाताने जेवत होता.

ते धावत पुढे आले. उजवा. पुन्हा मागे गेले. डावा.

"पटलं?" मालतीने विचारले.

मास्तर माझ्या कडेला उभे राहिले, एक डोळा अलीकडे, एक पलीकडे. मग त्यांनी छडी माझ्यावर रोखली. "दोष दौलत्याचा नाही! दोष या पडद्याचा आहे! मागून सगळे उलटे दिसते. अगं, अक्षरेसुद्धा उलटी होती. तुला कळले कसे नाही?"

"अक्षर उलटं काय नि सुलटं काय," मालती म्हणाली, "तुम्ही मला शिकवलंत कधी?"

मास्तरांनी छडी खाली घेतली. पण त्या वेळी सारा तंबू माझ्याकडे पाहत होता, मित्रांनो. पुढचे लोक उठून कडेला आले, मागच्या बायका पुढे आल्या. कोणी मला चाचपून पाहिले, कोणी उलटून पाहिले. दौलत्या माझ्यावर जेवत राहिला, हात धुऊन उठलासुद्धा, आणि त्याच्याकडे एकानेही पाहिले नाही. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत सुखाचा काळ. एक कप चहा व्हायला लागेल, तेवढा तो टिकला.

दुसऱ्याच दिवशी मल्लप्पाने सर्वांना एकाच बाजूला बसवले. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. समोर मुंबईचा पडदा चढला. आणि बायका व पुरुष यांच्यामध्ये आडोसा म्हणून दोरीवर मला टांगले.

आता सर्वांना दौलत्याचा उजवा हात दिसू लागला. मग एकमत झाले का? छे! गुरम्मा म्हणाली, "उजव्यानं जेवला म्हणून काय झालं? म्हातारीला 'तू जेवलीस का' म्हणून इचारलं का मेल्यानं?" मालतीचे मत मात्र पालटले. "माणूस मनाने चांगला होता हो," असे ती घरी दोनदा म्हणाली. तेव्हापासून मास्तर मजकूर वाचताना, जिथे नुसते 'दौलत्या' असे लिहिले असे, तिथे 'चोर, लुच्चा दौलत्या' असे वाचू लागले. त्यांचे दुःख त्या तंबूत फक्त मला समजत होते.

शेवटच्या प्रसंगात दौलत्याला गोळी लागते. मुंबईच्या पडद्याकडे माझी नुसती कड असल्यामुळे मला ते नीट दिसत नाही. दिसतात ती माणसे. गुरम्मा मला लागूनच बसली होती. दौलत्या पडला. तिने एक शिवी दिली, मग दुसरी अर्ध्यातच सोडली. तिने चाचपडत माझा कोपरा ओढला आणि डोळे पुसले. मग तोच कोपरा बोटांत चोळून ती मालतीला म्हणाली, "सूत लई चांगलं हाय गं ह्याचं."

एवढी वर्षे ज्या शब्दांची वाट पाहिली, ते असे आले. आसवे मात्र दौलत्यासाठीच होती.

म्हणून, मित्रांनो, एक विनंती. चित्रपटातल्या दरोडेखोराबद्दल तुम्ही अवश्य भांडा. पण भांडण्यापूर्वी एकदा पलीकडच्या बाजूला जाऊन बसून या. आणि रडू आले, तर जवळच्या कापडाला खुशाल डोळे पुसा. त्याला बरे वाटते. फक्त नाक पुसू नका. गुरम्माने पुढे तेही पुसले.