जुईसाठी निवडलेलं संशोधन

माझ्या मुलीचं वाटोळं मी केलं, आणि तेही एक्सेलमध्ये. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही.

एप्रिल २०२० मध्ये जुई नुकतीच डॉक्टर होऊन एका इस्पितळाच्या वॉर्डात काम करत होती. तिला सर्जन व्हायचं होतं. इथे परदेशात सर्जरीच्या प्रशिक्षणाच्या जागा मोजक्या, आणि गाठीशी संशोधन नसेल तर कोणी दारात उभं करत नाही. अर्ज दोनदाच करता येतो; पहिला नकार तिने पचवला होता. आता एकच संधी उरली होती आणि तिच्यापुढे संशोधनाची दोन कामं होती. एक युट्रेख्ट शहरातल्या नामवंत प्राध्यापकांकडे. रुग्णांच्या दहा वर्षांच्या जुन्या नोंदी घरबसल्या चाळायच्या, चार शोधनिबंध जवळपास नक्की. दुसरं लहान गावातल्या मारायके नावाच्या सर्जनबाईंकडे. कोरोनामुळे ज्यांची पित्ताशयाची ऑपरेशनं पुढे ढकलली होती, त्यांना दर आठवड्याला फोन करून दुखणं कुठवर आलंय ते नोंदवायचं. निबंध झालाच तर एक.

जुईला दुसरं हवं होतं. "ती माणसं नुसती वेट करतायत, बाबा. कोणीतरी त्यांना विचारायला हवं ना?"

मी पुण्याचा इंजिनिअर, वीस वर्षं इथल्या हूफडॉर्प गावातल्या ऑफिसात केस पिकवलेले. बारावीपासून एकच कळतं, मार्क बघायचे आणि फॉर्म भरायचा. मी तक्ता केला. प्राध्यापकांच्या नावाला इतके गुण, निबंधांना इतके. युट्रेख्टला शहाऐंशी, मारायकेबाईंना एकेचाळीस. रुग्णांशी बोलण्याला मी रकानाच ठेवला नव्हता.

"भावनेवर सीट मिळत नाही," मी म्हणालो. "तिचं तिला ठरवू दे की," असं माझी बायको सुनेत्रा म्हणाली, तर मी तिच्यावरच खेकसलो. तिसऱ्या दिवशी जुईने युट्रेख्टला होकार कळवला, आणि मी जिंकल्यासारखा चहा प्यायलो.

दोन वर्षं पोरगी वरच्या खोलीत आकडे चाळत बसली. जेवायला खाली यायची, पुन्हा वर जायची. चारही निबंध छापून आले. मी ते व्हॉट्सॲपवर झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. जुईला त्यांचं काही सोयरसुतक नव्हतं, हे मला दिसत होतं. मी बघितलं नाही.

मे २०२२ मध्ये सर्जरीच्या जागेसाठी जुईची मुलाखत झाली. तीन दिवसांनी दुपारी नकाराचा फोन आला.

इथे कारण विचारलं की सांगतात. मी जुईच्या अक्षरशः हातापाया पडलो, तेव्हा तिने उलट फोन लावला आणि स्पीकर चालू केला. निवड समितीतला डॉक्टर इथल्या लोकांसारखाच स्पष्ट बोलला.

"निबंध उत्तम आहेत. पण हाच विषय का निवडलात, असं आम्ही विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, माहीत नाही. दोन वर्षं जे केलं ते का केलं हे जिला सांगता येत नाही, तिला आम्ही कसं घ्यायचं?"

फोन बंद झाला. माझं डोकंच फिरलं.

"काहीतरी ठोकून द्यायचंस. एक वाक्य सुचलं नाही तुला?"

एरवी इंग्रजी मिसळून बोलणारी जुई या वेळी नुसत्या मराठीत, शब्द शोधत बोलली. "सुचलं होतं. बाबांनी निवडला, हे. पण तिथे मला तुझं नाव घ्यायचं नव्हतं."

ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. माफी मागावी, तिला जवळ घ्यावं, असं फार वाटलं. हात मात्र लॅपटॉपकडे गेले.

"मी त्यांना मेल लिहितो," मी म्हणालो. "सगळी चूक माझी आहे, असं स्पष्ट लिहितो. तुला परत बोलवायला सांगतो. आत्ता लिहितो."

"हे तरी पाठवायच्या आधी मला विचारणार आहेस का, बाबा?"