सोन्याच्या कणांना लातूरचं पाणी

धम्मप्रियाचं सोनं काही केल्या चमकत नव्हतं. दागिन्याचं सोनं नव्हे हो; पंचवीस अणूंचा एकेक कण, डोळ्याला न दिसणारा. अतिनील दिव्याखाली धरला की त्यानं केशरी उजेड द्यावा, एवढीच अपेक्षा. पण कणावर गंधकाच्या रेणूंचं कवच असतं. ते सैल असलं की हलत राहतं, अन् उजेडाची सगळी ताकद त्या हलण्यातच वाया जाते. कवच आवळायचं, एवढंच काम. एवढंच म्हणायला कुणाचं काय जातं! नांदेडच्या प्रयोगशाळेत चार वर्षं गेली पोरीची. बरोबरचे पांगले. आता दिवसभर बोलायला पंखा तेवढा उरला होता.

मागच्या गुरुवारी एक बाटली अचानक निखाऱ्यासारखी चमकली. पुन्हा केलं, अकरा वेळा केलं. ढिम्म! पीएचडीचे सर म्हणाले, "शुक्रवारी माझ्यासमोर चमकवून दाखव. नाहीतर विषयच बदलू." म्हणजे चार वर्षं मातीमोल.

मंगळवारी दुपारी तिच्या डोक्यात आलं. त्या गुरुवारी शुद्ध पाणी समजून तिनं टेबलावरची भलतीच बाटली ओतली होती. आईची. सुमनबाई दर शनिवारी लातूरहून एसटीच्या कंडक्टरकडे घरच्या बोअरचं पाणी धाडायची, नांदेडचं पाणी पोरीला बाधतं म्हणून. भांड्यांना पांढरा थर धरणारं पाणी ते! त्यातल्या क्षारांनीच कवच आवळलं असणार. या शनिवारच्या बाटलीत तळाशी घोटभर उरलं होतं, ते तिनं घातलं. बाटली केशरी झाली. "अगं माय!" धम्मप्रिया ओरडली अन् वळून बघितलं, तर मागं कुणीच नाही. तिला रडूच आलं.

शुक्रवारसाठी पाणी हवंच होतं. तिनं आईला फोन लावला.

"माय, उद्याच दोन बाटल्या धाड. पाणी सरलं."

"शनिवारचं? एवढं पिलीस?" आईचा आवाज खुलला.

'हाव, पिले' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण हा आनंद सांगायला तिला दुसरं होतं कोण? ती सगळंच सांगून बसली. चमक, क्षार, अन् हेही की ते पाणी तिनं दोन वर्षांत प्यायलंच नाही. खारट लागायचं. बेसिनमध्ये ओतून बाटली परत धाडायची.

आईनं एवढंच विचारलं.

"तुझं काम झालं न्हवं?"

"झालं माय."

"मग बरं झालं. उद्या धाडते. स्टँडपर्यंत न्यायला लई वजन व्हायचं बघ. आता शनिवारचं न्हाई धाडत."

"अगं, धाड ना," असं धम्मप्रिया म्हणेपर्यंत आईनं फोन ठेवला होता.