ऱ्हाईनपलीकडली बोली

अर्बन गेला, आणि लिओना एनेकिंगशी तिच्या घरच्या बोलीत बोलणारं माणूस सिनसिनाटीत उरलं नाही.

अर्बन तिचा थोरला भाऊ. तो पश्चिमेच्या टेकडीवर एका वृद्धाश्रमात राहायचा, ती खाली शहरात दोन खोल्यांत. दोघंही म्हातारी आणि दोघांचेही जोडीदार कधीच गेलेले. रोज संध्याकाळी जेवणाआधी त्यांचा फोन व्हायचा आणि फोनवर हमखास भांडण व्हायचं.

"जेवलीस का न्हाई?"

"बसतीय आता. तुला काय दिलं आज?"

"भोपळा उकडलाय. कुत्रं बी हुंगायचं न्हाई."

"मग आजीच्या हातची कोबी मागायचीस की त्यास्नी. जिरं घातलेली."

"आजी कोबीत जिरं कवाच घालत नव्हती, लिओ. तुझ्या डोक्यात भुसा हाय."

हे जिऱ्याचं भांडण तीस-चाळीस वर्षं चाललं होतं. आजीला जाऊन त्याहून जास्त वर्षं झाली होती, त्यामुळे निकाल लागायची भीती नव्हती.

ते जे बोलत ती जर्मन नव्हे. शाळेत शिकवतात ती जर्मन लिओनाला येत होती, पण ती अंगावर इस्त्रीच्या कपड्यासारखी बसायची. घरची बोली होती प्लाट, उत्तर जर्मनीतल्या शेतकऱ्यांची. त्यांची आजी फिलोमेना तिकडच्या डामे गावाजवळच्या एका खेड्यातून लहानपणी बोटीनं आली, आणि मरेपर्यंत घरात तीच बोलली. बाकीची भावंडं इंग्रजीत वाढली. अर्बन आणि लिओना आजीच्या खोलीत झोपायचे, म्हणून त्या दोघांच्याच तोंडात ती राहिली.

अर्बन गेल्यावर शब्द हरवायला लागले. एकदा दोरीवर कपडे घालताना, चिमट्याला आजी काय म्हणायची ते लिओनाला आठवेना. पूर्वी अशा वेळी अर्बनला विचारलं की तो आधी पोटभर हसायचा आणि मग सांगायचा. त्या दिवशी ती चिमटा हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग तसाच दोरीला लावला.

गंमत अशी की दिवसभर ती जर्मन लोकांबद्दलच बोलायची. एका लहानशा कंपनीसाठी ती जुन्या जर्मन वस्तीतून पर्यटकांना फिरवून आणायची. ऱ्हाईनपलीकडे म्हणतात त्या वस्तीला. ऱ्हाईन म्हणजे जर्मनीतली नदी नव्हे, नुसता एक कालवा होता, तोही बुजवून कधीच हमरस्ता झाला, पण चेष्टेत पडलेलं नाव तेवढं राहिलं. लिओना लोकांना विटांची उंच घरं दाखवायची, तालमीचा आखाडा कुठे होता ते सांगायची, पहिल्या महायुद्धात ब्रेमेन रस्त्याचा एका रात्रीत रिपब्लिक रस्ता कसा झाला ते सांगायची. शेवटी जमिनीखालच्या तळघरात न्यायची, जिथे पूर्वी बिअरची पिंपं थंडाव्याला ठेवत. लोक हसायचे, फोटो काढायचे, तिचा हात हातात घेऊन आभार मानायचे आणि जायचे. ज्या दिवशी चाळीस माणसांशी बोलून झालेलं असे, त्या दिवशी घरी आल्यावर दिवा लावताना तिला आपलाच खोकला दचकवायचा.

कंपनी चालवणारा डेव्हिन पोरगा चांगला होता. त्या वसंतात तो एक पिशवी घेऊन आला. पिशवीत हिरवा झगा, पांढरं पोलकं आणि कंबरेला बांधायचं फडकं.

"लिओना, हे घालून बघा ना. लोकांना जर्मन काहीतरी दिसायला हवं."

"डेव्हिन, हे बव्हेरियाचं आहे. माझ्या आजीनं जन्मात असलं काही घातलं नाही. ती काळं लुगडंवजा काहीतरी गुंडाळायची आणि त्यावर आणखी काळं."

"काळ्याला तिकिटं कोण काढणार?"

यावर तिला हसू आलं. झगा तिनं घातला. कंबरेत घट्ट होता.

जून महिन्यात एका सकाळी यान्नेस नावाचा तरुण अभियंता एका म्हाताऱ्याला घेऊन आला. इथल्याच एका कारखान्यात दोन वर्षांसाठी जर्मनीहून आला होता तो. "माझे आजोबा, क्लेमेन्स ग्रेव्हर," तो म्हणाला. "माझ्याकडे आलेत. इंग्रजी अजिबात येत नाही, पण घरात बसून कंटाळलेत. तुमच्याबरोबर चालू देत. दुपारी न्यायला येतो."

म्हातारा उंच, कानशिलं लाल, हात फावड्यासारखे. लिओनानं त्याला शाळेतल्या जर्मनमध्ये नमस्कार केला. त्यानंही टोपी काढून तितक्याच रीतसर उत्तर दिलं आणि घोळक्याच्या मागे जाऊन उभा राहिला. पुढचा दीड तास ती बोलत होती तेव्हा तो एकटक तिच्या तोंडाकडे पाहत होता. एक अक्षर कळत नसताना माणूस इतकं लक्ष देतो याचं तिला नवल वाटलं.

तळघराच्या पायऱ्या ओल्या असतात. ती दर वेळी सांगते, त्या वेळीही सांगितलं, पण इंग्रजीत. शेवटच्या पायरीवर क्लेमेन्सचा पाय सटकला. त्यानं भिंत धरली आणि पायरीकडे बघून पुटपुटला, "हाय का गाढवाची लेक!"

अर्बन हेच म्हणायचा. बुटाची नाडी तुटली तरी, बसगाडी चुकली तरी, बायकोच्या दफनाच्या दिवशी छत्री उघडेना तेव्हाही.

लिओनाच्या तोंडून आपोआप निघालं, "गाढवाची न्हाई वो. शंभर वरसं लोकांनी घासून घासून तिला तशी केलीया."

तळघरात आवाज घुमला तसा म्हातारा भिंतीला धरूनच वळला. दिव्याच्या उजेडात त्यानं तिचा तो हिरवा झगा बघितला, मग तोंड बघितलं.

"तू कुणाची गं?" त्यानं विचारलं.

डामेकडे माणसाला पहिल्यांदा भेटल्यावर हेच विचारतात. लिओनाला आयुष्यात कुणी हे विचारलं नव्हतं. तिनं आजीचं नाव सांगितलं, आजीच्या खेड्याचं नाव सांगितलं. क्लेमेन्स म्हणाला, ते तर त्याच्या शेतातून दिसतं, घंटा वाजली तर ऐकू येते. मग एनेकिंग कोणते, वरच्या आळीचे की ओढ्यापलीकडचे, असं सुरू झालं, आणि बाकीची माणसं गार तळघरात दंड चोळत उभी आहेत हे लिओना साफ विसरली.

"आम्हालाही सांगा की, ते काय म्हणताहेत," घोळक्यातल्या एका बाईनं हसत विचारलं.

लिओनानं तोंड उघडलं, पण सांगण्यासारखं काही सापडेना. "पायरी निसरडी आहे म्हणताहेत," ती म्हणाली.

त्यानंतर तो तिच्या प्रत्येक फेरीला यायला लागला. घोळक्याच्या शेवटी चालायचा, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना लिओना मुद्दाम मागे रेंगाळायची. डेव्हिनच्या ते लक्षात आलं. "तुमच्या त्या पाहुण्यांना तिकीट नको," तो म्हणाला, "पण बाकीच्यांना रस्त्यात सोडू नका म्हणजे झालं."

फेरी संपली की दोघं बाजारात जायचे. तिथे एका ठेल्यावर तिनं त्याला गेटा खाऊ घातला. डुकराचं मांस आणि ओट्स एकत्र शिजवून थापतात, काप करून तव्यावर कुरकुरीत परततात. क्लेमेन्सनं एक घास घेतला आणि चावायचाच थांबला.

"ही तर डुक्कर मारल्यावरची थापी. माझी आई करायची."

"हितं समदे म्हणत्यात, जगात हे आमच्याच गावात मिळतं."

"म्हणू दे की. गरिबांस्नी कायतरी आपलं म्हणायला पायजे."

चिमट्याचा शब्द त्यानं पटकन सांगितला. जिऱ्याचा निकालही लावला. त्यांच्याकडे कोबीत जिरं घालतात, पण बाळंतिणीच्या घरी घालत नाहीत. म्हणजे घरात बाळंतपण असेल तेव्हा अर्बन खरा, एरवी ती खरी. लिओनाला आनंद झाला, पण हे ज्याला सांगायचं तो नव्हता.

"एक सांगू का पोरी?" क्लेमेन्स एकदा म्हणाला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणी पोरी म्हणावं याचं तिला फार बरं वाटायचं. "तू माझ्या पणजीवानी बोलतीस. तुझे निम्मे शब्द आमच्याकडं आता मातीत गेल्यात. माझी पोरं समजत्यात पण बोलत न्हाईत. नातवंडं नुसती हसत्यात. बायको होती तवर ठीक होतं."

"मग आता कुणाशी बोलता?"

"गाईशी बोलायचो. औंदा गाई बी विकल्या."

मग त्यानं आपल्या कानाकडे बोट दाखवलं. उजवा मळणीच्या यंत्राच्या आवाजानं खाल्ला होता, डावा निम्माच उरला होता. "तुझं तोंड दिसलं की ऐकू येतं," तो म्हणाला. "तोंडाकडं बघतोय म्हणून राग नको धरूस."

ऑगस्टच्या आधीच तो परत गेला. विमानतळावर यान्नेस सामानाच्या रांगेत उभा असताना क्लेमेन्सनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "दर रविवारी फोन कर. मी खुर्चीतच बसून राहीन बघ."

पहिल्या रविवारी लिओनानं चर्चमधून येऊन, चांगले कपडे न बदलता, फोन लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिला. मग त्याचा आवाज आला.

"क्लेमेन्स, मी बोलतीय. लिओना."

"कोण आपण?" तो शाळेतल्या जर्मनमध्ये म्हणाला.

"लिओना. सिनसिनाटीची. तळघरातली पायरी आठवती का न्हाई?"

"माफ करा, मला नीट ऐकू येत नाही. आपण बँकेतून बोलता का?"

ती मोठ्यानं बोलली, मग ओरडून बोलली. शेजारणीनं भिंतीवर टकटक केलं. पलीकडून तो अधिकाधिक अदबीनं उत्तरं देत होता, परक्याशी, साहेबाशी बोलावं तसा. आपण कृपया पत्र पाठवा, माझा मुलगा वाचून दाखवील. शेवटी लिओनाही त्याच्यासारखीच रीतसर जर्मनमध्ये म्हणाली, "आभारी आहे, महोदय. आपला रविवार आनंदात जावो."

"आपलाही," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी तिनं फोन केला नाही. पलीकडे तो खुर्चीत बसला असेल, हे डोक्यातून जाईना. ती उठून भांडी घासत बसली, घासलेलीच.

ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी यान्नेस तिच्या दारात आला. हातात फुलं, तोंडावर संकोच. "आजोबा विचारतात, अमेरिकेतली ती बाई का फोन करत नाही. म्हणतात, रविवारी दोनदा फोन आला, तो कुठल्यातरी बँकेचा होता."

लिओनानं त्याला आत घेतलं, कोबी आणि सॉसेज वाढलं. जेवताना ती त्याच्याशी प्लाटमध्येच बोलली. तो इंग्रजीत उत्तरं देत होता.

"समदं कळतंय का तुला?"

"कळतं. बोलायला गेलं की जीभ लाजते."

"लाजू दे. खा आणखी."

जेवण झाल्यावर यान्नेसनं आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आजोबांच्या घरी लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. पडद्यावर आधी छत दिसलं, मग क्लेमेन्सच्या सुनेचा हात, मग तो. केस विंचरलेले, खाली पट्ट्यापट्ट्यांचा सदरा.

लिओनानं खुर्ची पुढे ओढली. "क्लेमेन्स, कसं हाय?"

त्यानं तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. पण चित्र अडकत अडकत येत होतं. तिचे ओठ एक दाखवत होते आणि आवाज दुसराच, तोही मागून. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, आणखी जवळ आला. पडद्यावर नुसता त्याचा एक डोळा आणि पांढरी भुवई उरली. मग मागे सरला, काहीतरी बोलला, त्याचेही नुसते तुकडे ऐकू आले, आणि मान हलवली. नाही.

तिनं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, एकेक शब्द सावकाश. त्यानं पुन्हा मान हलवली. मग त्यानं हात वर केला आणि हलवला, गाडी सुटताना हलवतात तसा. लिओनानंही हात हलवला. तो थांबेना, म्हणून तीही थांबली नाही. त्या दोघांच्या तोंडात जी बोली होती तिचा एक शब्दही त्यांना एकमेकांना पोचवता येत नव्हता, आणि मधे तो पोरगा बसला होता, जो दोघांचंही समजत होता आणि टेबलाकडे बघत होता.

"आजोबा विचारतात," पलीकडून सुनेनं लिहून पाठवलं ते वाचून यान्नेस म्हणाला, "नीट जेवतेस ना म्हणून."

"जेवतीया म्हणावं."

त्यानं ते मोठ्यानं, हातवारे करून, आजोबांना सांगितलं. पलीकडे सुनेनं कानाशी वाकून पुन्हा सांगितलं. क्लेमेन्सनं समाधानानं मान डोलावली.

त्यानंतर यान्नेस नाताळच्या आधी एकदा आला. मार्चमध्ये त्याची बदली दक्षिणेकडच्या कारखान्यात झाली. निघताना त्यानं फोन केला, घाईत होता, पण मनापासून बोलला. उन्हाळ्यात येऊन जाईन म्हणाला. लिओना म्हणाली, "ये की." येईल असं तिला वाटलं नाही, आणि त्याचा रागही आला नाही.

एप्रिलमध्ये फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी पाऊस भुरभुरत होता, तरी बरीच माणसं जमली. त्यांत टेक्सासहून आलेलं एक कुटुंब होतं आणि त्यांची धाकटी मुलगी सारखी मधे मधे विचारत होती. रिपब्लिक रस्त्याच्या कोपऱ्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला जर्मन येतं?"

"येतं."

"मग बोलून दाखवा ना काहीतरी."

अशा वेळी लिओना नेहमी शाळेतलं एक वाक्य म्हणायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्या दिवशी ती छत्री खांद्याला टेकवून प्लाटमध्ये बोलायला लागली. काय बोलावं हे ठरवलं नव्हतं. पाऊस आलाय, गुडघा दुखतोय, आज दुकानातून कांदे न्यायचेत, अर्बन असता तर म्हणाला असता असल्या पावसात कोण भटकतं. बरंच बोलली. लोक ओठांवर हसू ठेवून ऐकत होते. ती थांबल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे काय?" मुलीनं विचारलं.

"म्हणजे पाऊस पडतोय," लिओना म्हणाली, आणि त्यांना घेऊन रस्ता ओलांडायला निघाली.